अस्सल म्हणजे काय? – एका जुन्या जपानी गाडीच्या निमित्ताने

द्वितीय वर्ष कला (मराठी)

‘ओरिजिनल आहे का डुप्लिकेट?’ हा प्रश्न मी कळू लागल्यापासून ऐकत आले आहे. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका लहान कारखान्यात लेथवर काम करतात. बाजारात न मिळणारा बुश, झिजलेली पिन, पंपाचा वाकलेला शाफ्ट असे काही ना काही घेऊन माणसे येतात आणि वडील नमुना मापून तसाच भाग करून देतात. वस्तू हातात पडली की गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न हाच. ‘आमीच केलाय’ असे वडिलांनी म्हटले की त्याचा चेहरा उतरतो आणि भाव पाडायला सुरुवात होते. मी आठवीत असताना एकदा डबा द्यायला गेले होते. त्या दिवशी एका गिऱ्हाइकाने तयार बुश टेबलावर आपटला आणि ‘डुप्लिकेट माल नको’ असे म्हणून तो निघून गेला. वडील काहीच बोलले नाहीत. मला मात्र त्या शब्दाची लाज वाटली. पुढे कॉलेजच्या प्रवेश अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘टर्नर’ न लिहिता नुसते ‘नोकरी’ असे लिहिले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. मोटारगाडी आमच्याकडे नाही, त्यामुळे या विषयावर मी लिहावे याचे कोणालाही नवल वाटेल. त्याचे कारण असे घडले. गेल्या दिवाळीत मामेभावाने मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले. अमेरिकेतील एका शेडमध्ये एक जुनी जपानी स्पोर्ट्‌स कार पूर्ण खोललेली होती. जमिनीवर तिचे शेकडो भाग ओळीने मांडलेले आणि प्रत्येकाला चिठ्ठी बांधलेली. ते चित्र मला थेट वडिलांच्या टेबलासारखे वाटले. मग त्या गाडीविषयी मिळेल ते वाचले. कंपनीने त्या काळी मेकॅनिकांसाठी छापलेल्या दुरुस्ती पुस्तिकेची पाने पाहिली आणि जे समजले नाही ते वडिलांना विचारले. प्रस्तुत लेखात त्या गाडीची ओळख, ती मूळ रूपात परत कशी आणतात आणि त्यानंतर कशी जपतात, याचा विचार करावयाचा आहे. आणि शेवटी, ‘अस्सल’ म्हणजे नेमके काय, या प्रश्नाकडे यावयाचे आहे.

१. गाडीची ओळख

गाडीचे नाव डॅट्‌सन २४०-झेड. निस्सान या जपानी कंपनीने ती ऑक्टोबर १९६९ मध्ये जाहीर केली. तोवर पाश्चात्त्य देशांत जपानी मोटार म्हणजे स्वस्त आणि साधी, अशीच समजूत होती. चांगली स्पोर्ट्‌स कार इंग्लंडने, इटलीने किंवा जर्मनीने करावी, असा रिवाज. या गाडीने तो मोडला. लांब नाक, मागे उतरत गेलेले छप्पर, दोनच आसने, सहा सिलिंडरांचे २३९३ सीसीचे इंजिन, त्या काळच्या मोजणीने १५१ अश्वशक्ती आणि चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन. असे असूनही अमेरिकेतील तिची सुरुवातीची किंमत ३,५२६ डॉलर होती. तिच्या रूपरचनेचे काम योशिहिको मात्सुओ यांच्या हाताखालील गटाने केले. या पहिल्या पिढीच्या (२४०, २६० आणि २८० या क्रमांकांच्या) गाड्या १९७८ पर्यंत पाच लाखांहून अधिक खपल्या.

गाडी कणखरही होती. पूर्व आफ्रिकेतील सफारी रॅली ही त्या काळी जगातील अत्यंत खडतर शर्यतींत गणली जाई. ती २४०-झेडने १९७१ साली आणि पुन्हा १९७३ साली जिंकली. १९७३ च्या विजयात चक्रावर होते शेखर मेहता, युगांडात जन्मलेले भारतीय वंशाचे चालक.

तिच्या नावाची गोष्ट तर आपल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना विशेष गमतीची वाटेल. जपानमध्ये तिचे नाव ‘फेअरलेडी झेड’. ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेवरून कंपनीने फेअरलेडी हे नाव आपल्या आधीच्या स्पोर्ट्‌स गाडीला दिले होते, तेच पुढे चालवले. ही संगीतिका बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकावर आधारलेली आहे आणि त्याच नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी आपली ‘ती फुलराणी’ रचली. म्हणजे ही गाडी आपल्या फुलराणीची दूरची बहीणच म्हणायची! परंतु अमेरिकेतील निस्सानचे प्रमुख युताका कातायामा (१९०९–२०१५) यांना हे नाव तेथील गिऱ्हाइकाला रुचेल असे वाटेना. त्यांनी फेअरलेडीच्या पट्ट्या काढून तेथे ‘२४० झेड’ ही अक्षरे लावली. आज जुन्या गाडीचे शौकीन मूळ अक्षरपट्टीसाठी जीव टाकतात. पण ती पट्टीच मुळी दुसरी पट्टी काढून बसवलेली होती, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

२. आधी नोंद, मग पाना

अशी गाडी मूळ रूपात आणणे म्हणजे ती नवी कोरी चकचकीत करणे नव्हे. ती कारखान्यातून ज्या दिवशी बाहेर पडली त्या दिवशी कशी होती, हे शोधून तिला तेथवर नेणे, असा त्याचा अर्थ. म्हणून पहिले काम पान्याचे नसून वही-पेन्सिलीचे आहे.

प्रथम गाडीचे क्रमांक पाहतात. अमेरिकेत गेलेल्या गाड्यांचा चासी क्रमांक ‘एचएलएस३०’ या अक्षरांनी सुरू होतो. त्यातील ‘एल’ म्हणजे डाव्या हाताचे चक्र आणि ‘एस३०’ हे या पिढीचे कारखान्यातील नाव. इंजिनाच्या ब्लॉकवर ‘एल२४’ या अक्षरांपुढे त्याचा स्वतंत्र क्रमांक ठोकलेला असतो आणि बॉनेटखालील धातूच्या पट्टीवर गाडीचा व इंजिनाचा असे दोन्ही क्रमांक असतात. हे सगळे जुळले तर इंजिन जन्मापासून याच गाडीत आहे असे समजावे. न जुळल्यास गाडी वाईट ठरत नाही, पण ती गोष्ट लपवता कामा नये.

मग बारीक खुणा. उदाहरणार्थ, सुमारे १९७१ च्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांत आतली हवा बाहेर जाण्याच्या जाळ्या मागच्या झडपेवर आहेत. त्यानंतरच्या गाड्यांत त्या बाजूच्या खांबावर, ‘झेड’ अक्षराच्या गोल बिल्ल्यामागे गेल्या. १९७० च्या गाडीला १९७२ ची झडप बसवली तर ती चपखल बसेल, कोणाला त्रास होणार नाही, पण गाडी खोटे बोलू लागेल. भाषेच्या अभ्यासात जुन्या पोथीतले एखादे रूप नंतरच्या काळाचे निघाले की आपण थबकतो, तसाच हा प्रकार आहे.

त्यानंतर खोलणे. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी छायाचित्र, काढल्यावर चिठ्ठी, बोल्ट-वायसर वेगवेगळ्या पिशव्यांत. येथे घाई नडते. या गाडीच्या मागच्या चाकाजवळ एक लांब पिन आहे. ती खालच्या आर्ममधून आरपार जाते आणि पन्नास वर्षांच्या गंजाने जागेवरच धरून बसते. हातोडा मारला तर तिचे आटे चेपतात आणि ती आणखीच घट्ट होते. शौकीन मंडळी या एका पिनेवर कित्येक दिवस घालवतात, शेवटी प्रेस वापरतात किंवा कापून काढतात. हे वडिलांना सांगितले तेव्हा ते हसून म्हणाले, “तेल पाजायचं, जरा तापवायचं आणि गप बसायचं. गंजासंगं भांडून कोण जिंकत नाही पोरी, त्याला वेळ द्यावा लागतोय.”

३. गंज

या गाडीचा खरा शत्रू इंजिनातील बिघाड नसून गंज होय. त्या काळचा पत्रा पातळ आणि त्यावरील गंजरोधक प्रक्रिया आजच्या मानाने तोकडी. शिवाय अमेरिकेच्या थंड भागात हिवाळ्यात बर्फ वितळावे म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते पत्र्याच्या सांध्यांत शिरते. म्हणूनच कॅलिफोर्नियासारख्या कोरड्या हवेतील गाडीचा सांगाडा शौकिनांना अधिक मोलाचा वाटतो.

गंज कोठे शोधावा याच्या जागा ठरलेल्या आहेत. बॅटरीखालील तबक (आम्ल सांडून ते खाल्ले जाते), पायाखालचा पत्रा, त्याच्या खालून जाणाऱ्या आधाराच्या पोकळ पट्ट्या, दारांखालचा भाग, मागच्या चाकापुढचा खालचा कोपरा आणि पुढील काचेखालची पन्हळ. या पन्हळीत पाने साचतात, पाणी तुंबते आणि आतून पत्रा सडतो. बाहेरून रंग मात्र शाबूत दिसतो.

येथे दोन रस्ते फुटतात. सोपा रस्ता म्हणजे भोकात पुट्टी भरून वर रंग मारणे. गाडी दोन वर्षे सुंदर दिसते. अवघड रस्ता म्हणजे रंग खरवडून निखळ पत्र्यापर्यंत जाणे, सडलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापणे, त्याच जाडीचा आणि त्याच घडणीचा तुकडा करून वेल्डिंगने जोडणे, आणि जोडावर आतूनही गंजरोधक लेप देणे. दोन्ही गाड्या शेजारी उभ्या केल्या तर आपल्यासारख्याला फरक कळणार नाही. कळेल तो पाचव्या पावसाळ्यात.

४. सुटे भाग : चार वाटा

आता मुख्य प्रश्न. पन्नास वर्षांपूर्वीचे भाग आणायचे कोठून? माझ्या वाचनावरून चार वाटा दिसतात.

पहिली वाट, त्या काळी तयार होऊन न विकता गोदामात राहिलेला कोरा भाग. हा सर्वांत मानाचा आणि सहसा सर्वांत महाग. परंतु त्यातही एक मेख आहे. धातूचा भाग डब्यात पडून फारसा बिघडत नाही, रबर मात्र डब्यातही म्हातारे होते. पन्नास वर्षांपूर्वीचा कोरा ब्रेकचा पाइप कितीही अस्सल असला तरी तो गाडीला लावणे म्हणजे जिवाशी खेळ.

दुसरी वाट, दुसऱ्या निकामी गाडीचा मूळ भाग काढून दुरुस्त करणे. एका गाडीच्या मरणातून दुसरी जगते.

तिसरी वाट, कंपनीनेच भाग पुन्हा तयार करणे. गेल्या काही वर्षांत जपानी कंपन्यांना आपल्या जुन्या गाड्यांची आठवण झाली आहे. निस्सानने २०१७ च्या अखेरीस १९८९ च्या स्कायलाइन जीटी-आर गाडीचे बंद पडलेले भाग पुन्हा विकायला सुरुवात केली. माझ्दाने त्याच वर्षी आपल्या पहिल्या रोडस्टर गाडीसाठी अशीच योजना जाहीर केली. तिच्यात जुन्या धर्तीचे कापडी छप्पर, लाकडी चक्र, इतकेच काय, जुन्या नमुन्याचे टायरही पुन्हा करवून घेतले. टोयोटाने २०२० पासून सुप्रा आणि २०००-जीटी या गाड्यांचे काही भाग पुन्हा काढले. २०००-जीटी तर सारी मिळून ३५१ च झाली होती. २४०-झेडबाबत निस्सानने अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेगळाच प्रयोग केला होता. जुन्या गाड्या स्वतः विकत घेऊन, निवडक कारखान्यांत नव्यासारख्या करवून, आपल्या विक्रेत्यांमार्फत विकल्या. पण एकेका गाडीला इतके श्रम लागले की ठरवल्यापेक्षा फारच थोड्या गाड्या बाहेर पडल्या.

कंपन्या सर्वच भाग का करीत नाहीत, हे वडिलांनी मला दोन वाक्यांत सांगितले. “साचा एकदाच करायचा आन् लाख नग काढायचे, तेव्हा नग स्वस्त पडतोय. दोनशे नगासाठी साचा कोण करील?”

म्हणून चौथी वाट, ती म्हणजे लहान कारखान्यांनी नमुन्यावरून नवा भाग करणे. दाराची रबरी पट्टी, पायाखालचा पत्रा, सीटचे कापड, फाटलेल्या डॅशबोर्डचे आवरण, असे अनेक भाग आज याच वाटेने मिळतात. ही वाट नसती तर पाच लाखांपैकी पुष्कळ गाड्या भंगारात गेल्या असत्या. आणि हीच वाट म्हणजे आमच्या गिऱ्हाइकाच्या भाषेत ‘डुप्लिकेट’.

५. इंजिन आणि कार्बोरेटर

या गाडीचे इंजिन दणकट म्हणून ख्यात आहे. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, वर अॅल्युमिनियमचे हेड. खोलण्यापूर्वी सहाही सिलिंडरांचा दाब मोजतात. आकडे एकमेकांच्या जवळपास असतील तर इंजिनाला उगाच हात लावू नये, असा जाणत्यांचा सल्ला आहे. चांगला मूळ भाग बदलणे हाही एक नाशच.

कार्बोरेटर दोन आहेत. ते जपानच्या हिताची कंपनीचे, पण घडण ब्रिटिश एस.यू. कार्बोरेटरच्या धर्तीची. आत एक पिस्टन वर-खाली होतो आणि त्याला लावलेली निमुळती सुई पेट्रोलचे प्रमाण ठरवते. दोघांनी सारखी हवा ओढली पाहिजे, नाहीतर तीन सिलिंडर ओढतात आणि तीन लोळतात. हे जुळवण्यासाठी रबरी नळीचे एक टोक कानाशी व दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून हवेचा आवाज ऐकण्याची जुनी रीत आहे. दोन्हीकडचा सूर एक झाला की काम झाले. पुढे अमेरिकेतील प्रदूषणाच्या नियमांमुळे १९७३ च्या गाडीला वेगळ्या घडणीचे, सपाट माथ्याचे कार्बोरेटर आले. ते तापले की गाडी अडखळे, म्हणून पुष्कळ मालकांनी ते काढून आधीचे गोल माथ्याचे बसवले. आता विचार करा. १९७३ च्या गाडीला अस्सल कोणते? कंपनीने दिलेले, नीट न चालणारे? की आधीच्या वर्षीचे, नीट चालणारे?

६. देखभाल

गाडी एकदा उभी राहिली म्हणजे काम संपत नाही. किंबहुना तेथूनच खरे काम सुरू होते.

टॅपेटची फट वेळोवेळी फीलर गेजने तपासावी लागते. इंजिन गरम असताना आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.२५ मिलिमीटर आणि बाहेर सोडणाऱ्याला ०.३० मिलिमीटर. कार्बोरेटरच्या वरच्या नळीत थोडे पातळ तेल राखावे लागते. ते आटले की गाडी वेग घेताना धक्का खाते. जुन्या पद्धतीचे पॉइंट घासतात, त्यांची फट पाहावी लागते. जुन्या रबरी नळ्यांना इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मानवत नाही, त्या फुगतात व चिरतात. म्हणून नळ्या आजच्या, इथेनॉल सोसणाऱ्या घालाव्यात. आपल्याकडेही आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल येत असल्याने जुन्या स्कूटर-मोटारी बाळगणाऱ्यांना हा सल्ला उपयोगी पडावा. ब्रेकचे तेल हवेतील ओल ओढते, तेव्हा गाडी उभी असली तरी ते ठरावीक काळाने बदलावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, गाडी चालवावी. उभ्या गाडीची सीले सुकतात आणि टाकीत गंज धरतो.

७. मग अस्सल कोणते?

वरील माहितीवरून एक गोष्ट सहज दिसते. निव्वळ ‘कंपनीचा तो अस्सल, बाकी सारे खोटे’ हे माप येथे पुरत नाही. गोदामातला कोरा ब्रेक पाइप कंपनीचा असूनही घातक ठरतो. खुद्द कंपनीचा कार्बोरेटर दुसऱ्याच्या घडणीवरून केलेला असतो. गाडीवरची अक्षरे आधीचे नाव पुसून लावलेली असतात. आणि ‘ती फुलराणी’ला कोणी डुप्लिकेट म्हणत नाही. लेखकाने मूळ कोणते ते सांगितले आणि स्वतःचे कष्ट त्यात ओतले.

माझ्या अल्पमतीनुसार अस्सलपणाच्या तीन कसोट्या आहेत. पहिली, जे वाचण्याजोगे आहे ते बदलू नये. जानेवारी २०२० मध्ये १९७१ सालची एक २४०-झेड अमेरिकेतील लिलावात ३,१०,००० डॉलरला गेली. ती फार थोडे मैल धावलेली आणि मूळ स्थितीत जपलेली होती. न बदलण्याची किंमत ती. दुसरी कसोटी, जे बदलावेच लागते ते मूळ मापाने, मूळ धातूने आणि शक्य तर पुन्हा काढता येईल अशा रीतीने बदलावे. तिसरी आणि सर्वांत मोठी, काय बदलले ते उघड सांगावे, वहीत लिहून ठेवावे. न सांगता बसवलेला भाग खोटा. सांगून बसवलेला भाग, तो कोणीही केलेला असो, खोटा नव्हे.

हे मी वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग मशीनवरच्या डब्यातून एक जुना झिजलेला बुश आणि त्यांनी केलेला नवा, असे दोन माझ्या हातावर ठेवले आणि मायक्रोमीटर दिला. मी दोन्ही मापले. जुना झिजलेल्या बाजूला कमी भरत होता. नवा पुस्तकातल्या मापाला बरोबर होता. वडील म्हणाले, “कंपनीचा म्हणून आमी कधी विकला नाही. आमीच केलाय असंच सांगत आलोय.”

त्या दिवशी टेबलावर आपटलेल्या बुशाबद्दलही त्यांनी तेच सांगितले होते, हे मला तेव्हा आठवले. तिसऱ्या कसोटीला ते माझ्या आधी कितीतरी वर्षे उतरले होते. लाज वाटावी अशी गोष्ट मी अर्जात लिहिली होती, त्यांनी कारखान्यात केली नव्हती. यंदाच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘टर्नर’ असे लिहिले आहे.